'आवाज'चे जुने अंक रद्दीत घालू नका : समस्त सेलूकरांना आवाहन

सेलूतल्या आणि सेलू सोडून संभाजीनगर, पुणे, मुंबई, हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या सर्व वाचकबंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत 'आवाज' आणि इतर विनोदी दिवाळी अंकांचा आपला संग्रह उभा राहतो आहे, हे आपण जाणताच. त्या खोलीचे पत्रे गेल्या पावसाळ्यात गळले. पोरांनी भर पावसात अंकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन डॉक्टरकाकांच्या माडीवर नेले, म्हणून ते वाचले. यंदा मृग लागायच्या आत पत्रे बदलायचे आहेत, कपाटं घ्यायची आहेत आणि मुख्य म्हणजे संग्रहातली रिकामी वर्षं भरायची आहेत. तिन्ही कामांना आपला हात हवा आहे.

मधुकर पाटकरांनी १९५१ साली मुंबईत 'आवाज' सुरू केला तेव्हा आपलं सेलू मुंबईच्या राज्यात नव्हतं, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली, तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला आणि १९५६ साली मुंबई राज्याला जोडला गेला. आपल्या आजोबा-वडिलांचं हायस्कूल उर्दूतून झालेलं, कोर्टकचेरीचे कागद उर्दूत. अशा माणसांना मनमाडहून मीटरगेजच्या गाडीनं आलेला मराठी दिवाळी अंक म्हणजे काय वाटत असेल! 'मराठवाड्यात वाचतं कोण' असं आजही पुण्या-मुंबईकडं सहज बोललं जातं. त्यांनी एकदा आपल्या खोलीत येऊन अंकांच्या समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा पाहाव्यात. कुठं 'वा!', कुठं 'हे आपल्या तहसीलदारांना दाखवा', आणि एका ठिकाणी तर मोडीत लिहिलेला सबंध शेरा आहे. तो वाचून देणारं कुणी असेल तर तेही हवं आहे.

'आवाज'ची खिडकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. पानाला एक तुकडा कापलेला असायचा. त्यातून मागच्या पानावरचं जेवढं दिसेल, त्यावरून मनात भलतंच काही तरी यावं, आणि पान उलटल्यावर निघावं अगदीच सोज्वळ. थोरांनी लपवून पाहावी आणि पोरांनी थोरांपासून लपवून पाहावी अशी ती चीज होती. चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार यांच्या खिडक्यांवर आपल्याकडे तासन् तास बोलणारी माणसं आहेत. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत सगळ्यात लांब नंबर 'आवाज'चाच लागायचा. कुणाच्या घरी तो दोन दिवसांवर राहिला की पुढचा नंबरवाला दारात हजर. अंक परत आला की आपले जुने ग्रंथपाल आधी खिडक्या तपासत आणि मगच कार्डावर सही करत.

इतकं जपूनही आज हेच अंक सगळ्यात कमी उरले आहेत. कारण साधं आहे. गंभीर मासिकांची बांधीव वर्षं कपाटात सुखरूप राहिली. ज्या अंकावर उड्या पडल्या, तो हाताळून-हाताळून फाटून संपला. खिडकीच्या कोपऱ्यापासून पान फाटतं. स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. पिना गंजून मधली पानं सुटतात. बाइंडरकडं दिला तर कडा कापताना व्यंगचित्रांच्या ओळी जातात, आणि शिवण घट्ट झाली की जोडपानावरचं चित्र मधल्या घडीत गडप होतं. म्हणून आता बांधणी करायची नाही, प्रत्येक अंक स्वतंत्र पेटीत आडवा ठेवायचा, असं आपण ठरवलं आहे.

संग्रह इथवर आला तो काही मोठ्या मनाच्या माणसांमुळे. नाव छापू नका असं बहुतेकांनी बजावलं आहे, पण त्यांचा उल्लेख टाळणं मला जमणार नाही. पहिला गठ्ठा दिला तो आपल्या गणिताच्या गुरुजींनी. आयुष्यभर शिस्तीचा माणूस, वर्गात कधी हसले नाहीत, आणि त्यांच्या फडताळात 'आवाज'ची सलग अठरा वर्षं निघाली, प्रत्येक अंकाला खाकी पुठ्ठा आणि वर सुंदर अक्षरात साल. गुरुजी गेल्यावर बाईंनी स्वतः रिक्षातून ते आणून दिले, पावतीही घेतली नाही. स्टेशनवरच्या पेपरवाल्या मामांनी न खपलेल्या जुन्या प्रती मुलांना न विचारता आपल्याला देऊन टाकल्या. जिनिंगच्या शेठजींनी पहिलं लोखंडी कपाट दिलं, ते आजही एकटंच उभं आहे. मोंढ्यातल्या एका हमाल दादांनी रद्दीच्या पोत्यातून अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'चा १९५२ चा दिवाळी अंक वेगळा काढून आणला. त्याच्या मुखपृष्ठावर शि. द. फडणिसांचं ते प्रसिद्ध चित्र आहे, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर असलेलं. दादांना वाचता येत नाही. 'चित्र बघून हसू आलं, म्हणून फेकू वाटलं नाही,' एवढंच ते म्हणाले. आणि उर्दू शाळेच्या मास्तरांनी हैदराबादहून १९६८ पासून निघणाऱ्या 'शगूफा' या उर्दू विनोदी मासिकाचे अंक दिले, एवढंच नव्हे तर दर गुरुवारी येऊन त्यातलं एखादं पान ते मराठीत समजावून सांगतात. त्या दिवशी खोलीत बसायला जागा उरत नाही. या सगळ्यांचे आपल्यावर ऋण आहेत.

आता थोडं मनाला लागलेलं. गेल्या वर्षी हेच आवाहन आपण सगळ्या गटांवर पाठवलं, देवळाच्या फळ्यावर लावलं. कौतुकाचे अंगठे पुष्कळ आले, अंक मात्र बोटावर मोजण्याइतकेच. त्याच दिवाळीत पेठेतला एक जुना माळवदाचा वाडा विकला गेला. त्या घरी ट्रंकभर विनोदी अंक आहेत हे आम्हाला माहीत होतं, निरोपही धाडला होता. आम्ही पोचलो तेव्हा ट्रंक रिकामी होती आणि अंक किलोच्या भावानं गेलेले. एका कार्यालयात मदतीसाठी गेलो तर 'विनोदी अंकांना काय जपायचं, ग्रंथ असतील तर बघू' असं ऐकून परतलो. मंत्री, सावकार, पुढारी, संपादक, कुणालाही न सोडणारं हे लेखन दिवाळीच्या फराळासोबत घराघरांत वाचलं गेलं. सत्तर वर्षं मराठी माणूस कशावर हसला आणि कुणाला हसला, हे त्यातून कळतं. ते ग्रंथांपेक्षा कमी कसं, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

एका वर्षाबद्दल मात्र अभिमानानं सांगायचं आहे. १९९३ च्या दिवाळीचा एकही अंक आपल्याकडे नाही. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या मंडळींनी त्या वर्षीची दिवाळी अंकांची सगळी वर्गणी लातूर-उस्मानाबादकडच्या मदतीला दिली आणि वाचनालयात अंक आलेच नाहीत. ती जागा रिकामी आहे त्याचं दुःख नाही, पण आता ती भरावी अशी त्या वेळच्या सभासदांचीच इच्छा आहे. त्यातले काही जण ऐंशीच्या पुढं आहेत.

हवं आहे ते असं : 'आवाज' १९५१ ते १९६०, तसेच १९७२ आणि १९९३, 'मोहिनी', 'जत्रा', 'मार्मिक' यांचे कोणतेही जुने दिवाळी अंक. फाटके, बिनमुखपृष्ठाचे, सुटी पानंसुद्धा चालतील, दोन अपुऱ्या प्रतींतून एक पुरी होते. घरी चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग जात नाही; पिना ओढून काढू नयेत. अंक देणं जिवावर येत असेल तर आठ दिवसांसाठी द्या, आम्ही स्कॅन करून परत करू. ती प्रत वाचनालयातच पाहता येईल, मोबाइलवर फिरणार नाही. पत्रे, दोन कपाटं, पेट्या आणि स्कॅनर मिळून खर्च १,४०,००० रुपये, जमा ५२,०००. देणगी कितीही चालेल, पावती मिळेल. रोख किंवा चेक कोषाध्यक्षांकडे, रोज सायं. ५ ते ८, सोमवारी सुट्टी. खात्याचा तपशील वाचनालयाच्या फळ्यावर. मुदत ३१ मे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे याल, माळे आणि ट्रंका आवरायला काढाल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक निरोप आम्हाला द्या. अंक न्यायला मुलं येतील.

आपला नम्र,
कार्यवाह, वाचनालय संग्रह समिती, सेलू

ता.क. पत्र्यांच्या कामाला रविवारी सकाळी आठ वाजता श्रमदान आहे. शिडी आणि ताडपत्री ज्यांच्याकडे आहे त्यांनी शनिवारीच आणून ठेवावी.