वहिनीसाठी मोरी आणण्याआधी

मुंबई

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

वहिनीचे दिवस भरत आलेत. बाळ झालं की आई लगेच बाबांना किनाऱ्यावर पाठवणार, बाळंतिणीला दूध यायला मोरी मासा हवा म्हणून. त्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून घाईने लिहितेय.

सध्या माझी सकाळ ससून डॉकच्या मासळी बंदरावर याच माशाची मापं घेण्यात जाते. आपली लहान मोरी, म्हणजे मुशीची, शार्कचीच एक जात, चपट्या फावड्यासारख्या तोंडाची. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. वाढून वाढून पाऊण मीटरची होते, पण जाळ्यात येते ती बहुतेक हातभरच. उथळ, गढूळ पाण्यात थव्याने फिरते आणि जवळा, मांदेली, बोंबील असलं खाते. म्हणजे आपल्या ताटातलंच.

परवा एक मादी उघडली. दोन्ही गर्भाशयांत मिळून अकरा पिल्लं होती, बोटाएवढी, डोळे-कल्ले सगळं तयार. आणि आई, प्रत्येकाला स्वतःची नाळ, प्रत्येक नाळेच्या टोकाला स्वतःची वार! पुस्तकात वाचलं होतं, तरी हातात घेतल्यावर मी काही वेळ काम थांबवून नुसती बघत राहिले. नाळ आपल्यासारखी गुळगुळीत नसते. तिला सगळीकडून बारीक केसाळ तंतू फुटलेले असतात, आणि गर्भाशयातल्या द्रवातलं पोषण पिल्लू त्यांतूनही शोषून घेतं.

मुशींच्या बऱ्याच जातींचं अंडं मोठं, बलकाने भरलेलं असतं आणि पिल्लू त्या शिदोरीवर वाढतं. हिचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, बलक जवळजवळ नाहीच. त्यामुळे गर्भ अगदी इवलासा असतानाच आईला चिकटतो आणि पुढचं सगळं तिच्याकडूनच घेतो. पाच-सहा महिन्यांनी जन्मतात तेव्हा पिल्लं १२ ते १५ सेंटीमीटरची असतात, म्हणजे आईच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. अशी सहा-सात ते अठरापर्यंत एका वेळी. मुशींमध्ये आईने पिल्लाला इतकं भरभरून पोसण्याची दुसरी जात मला माहीत नाही. बाळंतिणीच्या दुधासाठी आपण ज्या माशाचं कालवण करतो, त्याच्याच पोटात हे चाललेलं असतं, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, मोरी काय कधी संपते? हा प्रश्न खराच आहे. थंड समुद्रातली काटेरी मुशी जवळपास दोन वर्षं पिल्लं पोटात वागवते, तिच्या मानाने आपली मोरी भराभर वाढते. एक-दोन वर्षांत वयात येते आणि वर्षभर विते. म्हणून तर एवढ्या मासेमारीतही टिकून आहे. पण आयुष्य पाच-सहा वर्षांचंच, म्हणजे एका मादीला विण्याच्या संधी मोजक्याच. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तिचा या माशाला अर्धाच उपयोग. बंदी उठते तेव्हाही गाभण माद्या पाण्यात असतातच. पिल्लं किनाऱ्यालगत वाढतात आणि डोल जाळ्यात, बोटीमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्यात आधी तीच सापडतात. इथे वितीएवढ्या पिल्लांचे ढीग मी रोज बघते. ती जवळजवळ कवडीमोलाने जातात, ते बघवत नाही.

आपल्याकडच्या रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं, तसं नाही. रापण ओढल्यावर बरेच मासे जिवंतच वाळूवर येतात. तेवढी वितीएवढी पिल्लं रापणवाल्यांना लगेच पाण्यात सोडायला लावाल का? मी सांगितलं तर हसण्यावारी नेतील, तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.

आणि आई, वहिनीसाठी मोरी घेताना उलटी करून बघ. पोटाखालच्या परांजवळ दोन कांड्या दिसल्या तर तो नर. कांड्या कडक असतील तर पुरता वाढलेला. तोच घे. मादी पोटाने फुगलेली असेल तर राहू दे.

तू गरम पाण्यात घालून जी वाळू खरवडतेस ना, ती वाळू नाहीच. कातडीवर बसलेले बारीक दात आहेत ते, आपल्या दातांसारखेच घडलेले. आणि शिळ्या मोरीला उग्र वास येतो तो तिच्या अंगातल्या युरियामुळे. समुद्राच्या खारटपणात तग धरायला ती युरिया अंगात साठवते, मेल्यावर त्याचाच अमोनिया होतो. तेव्हा वास आला की सरळ परत कर, वहिनीला ताजीच द्यायची.

बाबा, गाभण मादी दिसली की त्या दिवसाची तारीख आणि पिल्लांची लांबी कॅलेंडरवर लिहून ठेवाल? मालवणकडची नोंद माझ्याकडे अजिबात नाही. मी गणपतीला येते तेव्हा उतरवून घेईन.

वहिनीला जड उचलू देऊ नका. बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
चिमी