दोन घोटांसाठी अख्खी बाटली

‘मॅरेथॉननंतर रस्त्यावर प्लॅस्टिकचा खच’ ही बातमी वाचली. बातमी खरी आहे, पण सगळा दोष धावणाऱ्यांच्या माथी मारणे पटले नाही. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. धावताना एका वेळी दोन-तीन घोटांपेक्षा जास्त पाणी घेतले, तर पोटात डचमळते. तरी हातात दिली जाते सीलबंद बाटली! दोन घोट प्यायचे, थोडे डोक्यावर ओतायचे, उरलेली बाटली रस्त्याच्या कडेला. मी नुकत्याच धावलेल्या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात घरंगळणाऱ्या बाटल्या चुकवत पाय टाकावे लागत होते. झाकणावर पाय पडून एकाचा घोटा मुरगळला. कचरापेटी होती, पण पाण्याच्या टेबलाला खेटून. पाणी पिऊन होईपर्यंत धावणारा केव्हाच पुढे गेलेला असतो.

लंडन मॅरेथॉनमध्ये २०१९ साली समुद्री शेवाळापासून बनवलेल्या, खाता येणाऱ्या पिशव्यांतून पेय दिले गेले. (ते आपल्या पचनी पडेल का, हा भाग वेगळा.) इथे अर्धा भरलेला कागदी पेला आणि शंभर-दीडशे मीटर पुढे ठेवलेली मोठी पेटी पुरे. महापालिकेने परवानगी देतानाच ही अट घालावी.

– एक हौशी धावपटू, पुणे