अर्ध्या किलोची चकती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ताकद वाढवण्यासाठी सहा दिवसांचा एक तक्ता छापून आला होता. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं कात्रण चिकटवलेलं दिसलं. समोर तिघी उभ्या होत्या. एक एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीच्या तयारीतली. दुसरी कबड्डीत चढाई करणारी. तिसरी सत्तेचाळीस वर्षांची, गुडघ्यांनी बेजार झालेली. तिघींनी एकाच तक्त्याचा फोनवर फोटो काढून घेतला. तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं.

मी एकतीस वर्षं मिरजेत मुलींना शारीरिक शिक्षण शिकवलं. खो-खो, कबड्डी, थोडं मैदानी. वजनाच्या व्यायामाशी माझी खरी ओळख मात्र उशिरा झाली. चोपन्नाव्या वर्षी हाडांची घनता मोजली, ती कमी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, नुसतं चालणं पुरणार नाही, वजन उचला. आज मी एकसष्ट वर्षांची आहे. गेली सात वर्षं आठवड्यातून दोनदा वजनाच्या प्लेटा लावलेला लोखंडी दांडा उचलते आणि सकाळी आमच्या व्यायामशाळेत येणाऱ्या बायका-मुलींना शिकवते. हे सांगितलं ते एवढ्यासाठीच की पुढचं सगळं वहीत नोंदलेल्या अनुभवातून लिहिते आहे.

त्या तिघींना काय हवं होतं ते बघा. भरतीच्या मुलीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. यात छातीचा वेगळा दिवस कशाला हवा? गोळा हातातून सुटताना दिसतो, पण त्याला जोर मिळतो तो मागच्या पायाच्या टाचेपासून, मांडीतून, कमरेतून. ती मुलगी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होती आणि संध्याकाळी सहा-सहा दिवस जिम करत होती. नडगी इतकी दुखायची की जिना उतरताना कठडा धरावा लागे. तिला वाटायचं, आपली मेहनतच कमी पडते आहे.

आम्ही तिचे व्यायाम कमी केले. वजनाचे दिवस तीनच ठेवले. प्रत्येक दिवशी एक बैठकीचा प्रकार, एक जमिनीवरून उचलण्याचा, एक डोक्यावर ढकलण्याचा आणि एक स्वतःकडे ओढण्याचा. जोरात धावण्याचे दिवस दोन, आणि तेही वजनाच्याच दिवशी, सकाळ-संध्याकाळ विभागून. कारण कष्टाचे दिवस एकत्र आले की हलके दिवस खरोखर हलके राहतात. नाहीतर रोजच अर्धवट थकवा आणि रोजच अर्धवट विश्रांती. धावायला मातीचं मैदान, आणि रविवार पूर्ण मोकळा. अकरा आठवड्यांत तिची दांड्यासह बैठक तीस किलोवरून पन्नासवर गेली आणि नडगीची तक्रार थांबली.

कबड्डीवालीचं दुखणं वेगळं होतं. चढाईत एकदम थांबायचं, वळायचं, पाय टाकायचा, परत उसळायचं. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतो, हे आता पक्कं माहीत आहे. म्हणून तिच्या वहीत पहिलं पान उडी मारून नीट खाली येण्याचं. गुडघे आत झुकू न देता, आवाज न करता. दुसरं, मांडीच्या मागच्या स्नायूचं. गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीनं घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. हा व्यायाम नेमाने करणाऱ्या खेळाडूंमध्ये त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. त्याला पैसा लागत नाही, सतरंजी लागते. पण पहिल्या आठवड्यात दोन सेट (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी), पाच-पाच वेळा, याच्यावर जाऊ नये. नाहीतर चार दिवस जिना चढता येत नाही आणि पोरगी व्यायामच सोडते.

खेळाडूच्या बाबतीत हंगामाचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो. माझे वडील तालमीतले. ते सांगायचे, वस्ताद प्रत्येक पोराच्या जोर-बैठका वेगळ्या सांगे. नव्या पोराला दोन महिने हौद्यात घाम गाळू दे, मग आकडा वाढव. जत्रांची मैदानं जवळ आली की मेहनत उतरवायची आणि अंग ताजं ठेवायचं. ज्याला कुस्ती लढायची त्याची मेहनत एक, म्हाताऱ्या पैलवानाची वेगळी. त्या वस्तादाकडे तक्ता नव्हता, पण पोरगं समोर होतं. आज आपण छापील तक्ता घेतो आणि पोरगं बघत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. कबड्डीवालीला स्पर्धेच्या महिन्यात मी आठवड्यातून एकदाच वजन देते. वजन तेवढंच, सेट निम्मे. कमावलेली ताकद टिकवायला फार थोडं पुरतं. स्पर्धा तोंडावर आली असताना नवीन कमावायला गेलं की पाय जड पडतात.

तिसऱ्या बाईंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांच्यासारख्या घरोघरी आहेत. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, गुडघे दुखतात तर खाली वाकू नका. चार वर्षं त्या वाकल्याच नव्हत्या. मग मांड्या वाळल्या आणि गुडघे आणखी दुखू लागले. आम्ही लाकडी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. बसायचं, उठायचं, हात न लावता. आठ वेळा, तीन सेट, मधे दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. दोन आठवड्यांनी एक उशी काढली. पाचव्या आठवड्यात दुसरी. मग पाच किलोची गव्हाची पिशवी छातीशी धरून. आता त्या दांड्यासह पस्तीस किलो जमिनीवरून उचलतात. घरात भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो. तो त्यांनी परवा स्वतः सरकवला आणि मला फोन केला. मी पस्तीस किलोचा आकडा सांगते तेव्हा नातेवाइकांना कळत नाही. सिलिंडर म्हटलं की कळतं.

वय झाल्यावर जड उचलू नये असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या एकशे एक बायकांवर आठ महिन्यांचा अभ्यास झाला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बैठक, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, आणि डोक्यावर वजन ढकलणं केलं. पाच सेट, पाच वेळा, जेमतेम एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर. जोडीला उंचावरून उतरून जमिनीवर पाय आपटणं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कण्याची घनता वाढली, दुसऱ्याची घटली. आणि पहिला महिना त्या बायकांना जड दिलंच नव्हतं, फक्त पद्धत शिकवली होती. बातम्यांत 'जड वजनं उचला' एवढंच येतं, तो पहिला महिना गळून पडतो. हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शेजारी जाणतं माणूस असल्याशिवाय हे करूच नये.

आता वजन किती घ्यायचं? माझा नियम सोपा आहे. सेट संपवताना अंगात अजून दोन वेळा उचलण्याइतकी शिल्लक राहिली पाहिजे. मुली याला 'दोन शिल्लक' म्हणतात. दहा सांगितले आणि पंधरा जमत असतील तर वजन हलकं. नवव्यालाच पाठ वाकली तर जड. दुसऱ्या महायुद्धात शिकागोतल्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाच्या डॉक्टरने गुडघा जखमी झालेल्या सैनिकांसाठी असंच माप शोधलं. जे वजन बरोबर दहा वेळा उचलता येतं ते ठरवायचं. युद्धानंतर त्याने ते आणखी सोपं केलं: पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊणवर, तिसरा पूर्ण. दहाच्या पुढे जाऊ लागलं की वजन वाढवायचं. ऐंशीच्या आसपास वर्षं झाली, त्यातला मुद्दा अजून तसाच आहे. वाढ झाली पाहिजे, आणि ती त्या माणसाच्या मापाने झाली पाहिजे.

इथेच आमची गाडी अडली होती. माझ्या स्वतःच्या वहीतलं सांगते. बायकांचा दांडा पंधरा किलोचा. दोन्ही बाजूंना अडीचची प्लेट लावली की वीस. डोक्यावर ढकलण्यात मी वीसवर पोहोचले आणि चार महिने तिथेच राहिले. कारण व्यायामशाळेतली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे पुढची पायरी थेट पंचवीस. एकदम पाव हिस्सा वाढ! जाणकार सांगतात की एका वेळी दोन ते दहा टक्क्यांनी वाढवा. बाकावर झोपून छातीवरून साठ किलो ढकलणाऱ्या मुलाला पाच किलो ही एक पायरी असते, माझ्यासारखीला ती भिंत होते. किती बायका 'आमच्याच्याने होत नाही' म्हणून याच भिंतीपासून परत गेल्या असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं. त्यांच्या खांद्यात दोष नव्हता. प्लेट नव्हती.

मी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अर्ध्या किलोच्या चार चकत्या करून घेतल्या. मग वीस, एकवीस, बावीस. सात महिन्यांत सव्वीस. एका किलोची किंमत सांगलीकरांना मी वेगळी काय सांगणार? २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या पंचावन्न किलो गटात एकूण दोनशे अठ्ठेचाळीस किलो उचलले, कोपर दुखावलं तरी रौप्य आणलं. सुवर्ण दोनशे एकोणपन्नासला गेलं. स्पर्धेत किलो-किलो मोजतात, आणि आपण सरावाला पाच-पाच किलोंच्या उड्या मारायला लावतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. भरतीच्या मुली दोन चपात्या आणि चहावर दोन वेळा व्यायाम करतात, आणि डब्यातली महागडी पावडर घेण्यासाठी आईच्या मागे लागतात. पावडर वाईट नसते, पण आधी ताटात बघा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. उसळ, दही, शेंगदाणे, डाळ, मासे घरात असतातच, फक्त मुलीच्या ताटात मुलाइतके पडत नाहीत. हे मी एकतीस वर्षं डबे बघून सांगते आहे.

संपादक महोदय, माझी विनंती अशी. व्यायामाचे तक्ते जरूर छापा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते, आणि ते लोकांपर्यंत पोहोचवायला वर्तमानपत्राइतकं चांगलं साधन नाही. पण तक्त्याच्या डोक्यावर तो कोणासाठी आहे हे लिहा. पहिल्या दिवशी वजन कसं ठरवायचं, केव्हा आणि कितीने वाढवायचं, कोणतं दुखणं चालतं आणि कोणत्या दुखण्याला थांबायचं, हे चार ओळींत येतं. शेजारी कोरा रकाना सोडा, तारीख, वजन आणि किती वेळा हे लिहायला. आमच्याकडे भिंतीवरचं कात्रण काढलं आणि तिघींना तीन दोनशे पानी वह्या दिल्या.

दुसरी विनंती व्यायामशाळा चालवणाऱ्यांना. नवं यंत्र घेण्याआधी लहान चकत्या घ्या. बाजारात मिळाल्या नाहीत तर करून घ्या. पन्नास मिलिमीटर टोकाच्या दांड्यासाठी माप देते: सहा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा, बाहेरचा व्यास एकशे सत्तावीस मिलिमीटर, मधलं भोक एक्कावन्न. वजन अर्धा किलो भरतं. चार करा, आणि लेथवाल्याला कडा घासून द्यायला सांगा, पहिल्या खेपेला माझं बोट कापलं होतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, मिरज