सुरक्षेची दुरुस्ती वेगळी मिळायला हवी

संपादक महोदय,

सर्व्हरची अपडेट्स आळसापोटी रखडतात, असा सूर असलेला मजकूर आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर वाचला. माझी नोकरी व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरच्या जोरावर चालणारे अनेक सर्व्हर) सांभाळण्यात गेली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आळसाचा आरोप अगदीच खोटा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅमनं, हजारो होस्टवरच्या (हे सर्व्हर ज्यांवर चालतात त्या प्रत्यक्ष यंत्रांवरच्या) व्हर्च्युअल मशीनच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरल्याचं सांगितलं गेलं, तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. दोन वर्षं! याला सबब नाही.

पण रोजचं चित्र वेगळं असतं. सगळ्या होस्टवर हुकमत असते ती मॅनेजमेंट सर्व्हरची, म्हणजे व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या प्रणालीत व्हीसेंटरची. अपडेटही आधी त्याचं, मग होस्टचं. क्रम उलटवून चालत नाही. व्हीसेंटर बंद असताना व्हर्च्युअल मशीन चालू राहतात, त्यामुळे वापरणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. खरी कसोटी त्याच्या आधी असते. बॅकअप घ्यायचा, बॅकअपचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीशी जुळतं का ते पाहायचं, कोणती आवृत्ती चालते याची स्टोरेजवाल्यांची यादी चाळायची. मग एकेक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकून रिकामा करायचा, म्हणजे त्यावरची मशीन दुसऱ्या होस्टवर हलवायची. या कामाचा टक्क्यांचा आकडा मध्येच थबकतो आणि बराच वेळ शोधल्यावर कळतं, की कुणीतरी एका मशीनला त्याच होस्टच्या डिस्कवरची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपी प्रत) जोडून ठेवली आहे, म्हणून ते दुसरीकडे हलायला तयार नाही. ती जोडणारा माणूस बहुधा रजेवर असतो.

हे सगळं करायला आमची ना नाही. अडतं ते पुढे. व्हीसेंटरचा पॅच आधीचं सगळं पोटात घेऊन येतो. मला हवी असते एका भोकाची दुरुस्ती; हाती पडतो अख्खा गठ्ठा, आणि त्यात नवं काय बिघडेल याचा नेम नसतो. ही नुसती शंका नाही. १२ ऑगस्ट २००८ रोजी ईएसएक्स (होस्टवर चालणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ३.५ अपडेट २ चढवलेल्या होस्टवर बंद व्हर्च्युअल मशीन सुरूच होईनात, कारण चाचणीच्या काळातली मुदतीची अट चुकून तशीच राहून गेली होती. तात्पुरता तोडगा काय, तर होस्टचं घड्याळ मागे करा! नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ईएसएक्सआयचं ७.० अपडेट ३ कंपनीलाच मागे घ्यावं लागलं. आणि व्हीसेंटरमधल्या एका गंभीर त्रुटीवर सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला पॅच पुरा पडला नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिला गेला. ज्यांनी पहिला लगोलग चढवला, त्यांना तीच कसरत दुसऱ्यांदा करावी लागली. ‘थोडं थांबून बघू’ म्हणणाऱ्याला अशा वेळी आळशी म्हणणं जड जातं.

ईएसएक्सआय होस्टसाठी निव्वळ सुरक्षेचे पॅच वेगळे निघतात. मॅनेजमेंट सर्व्हरसाठीही तसेच निघावेत, मग उत्पादन कुठल्याही कंपनीचं असो. नवी सोय आम्ही तीन महिन्यांनी घेऊ, सुरक्षेची दुरुस्ती त्याच आठवड्यात घेऊ. आणि ‘विविध त्रुटी दूर केल्या आहेत’ या एका ओळीवर बोळवण करू नये. कोणती त्रुटी, कोणत्या परिस्थितीत दिसते, काय अजून शिल्लक आहे, हे लिहिलं तर वरिष्ठांकडून रात्रीचा वेळ मागून घेता येतो. मोघम ओळीवर तो मिळत नाही, हा माझा अनुभव.

आपल्यालाही एक विनंती. अशी बातमी छापताना ‘ताबडतोब अपडेट करा’ याच्या जोडीला आवृत्तीचा क्रमांक आणि त्या त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्षात सुरू झाला आहे की नाही, एवढं छापावं. ते कात्रण मी थेट साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

– एक सर्व्हर अ‍ॅडमिन