किल्लीबरोबर घरही सोपवून जा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांतून दरवर्षी सूचना येतात. दागिने लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा, पोलीस ठाण्यात कळवा, अशा त्या सूचना असतात आणि त्या योग्यच आहेत. परंतु घरातील बाकी सगळी गावाला गेल्यावर जे एक माणूस मागे राहते, त्याच्यासाठी काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. यंदाच्या मे महिन्यात ते मागे राहिलेले माणूस मी होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय ६८ आहे. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. नागपूरच्या नंदनवनमधील आमच्या जुन्या घरात मी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे पाच जण राहतो. माझ्याखेरीज सगळे आधी पुण्याला सुनेच्या माहेरच्या लग्नाला आणि तिथून पुढे हिमाचलला, असे १९ दिवसांसाठी गेले. मलाही चलण्याचा आग्रह झाला होता, पण गुडघ्यांना लांबचा प्रवास सोसत नाही म्हणून मी माझ्या इच्छेने घरी राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण म्हातारी बाई घरी एकटी दिसली की लोक लगेच मुलाला आणि त्याहून आधी सुनेला बोल लावतात. या दोघांनी माझ्या व्यवस्थेत काही कमी ठेवले नव्हते. सुनेने भाज्या निवडून ठेवल्या, पन्ह्यासाठी कैरीचा गर करून ठेवला, रक्तदाबाच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून दिल्या. मुलाने डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला. माझ्या खाण्यापिण्याचा आणि औषधांचा सगळा विचार झाला होता. हे घर चालते कसे, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते.

पहिले चार-पाच दिवस मी फार आनंदात होते. पहाटे अंगणात सडा टाकावा, मोगऱ्याची फुले वेचावीत, ऊन चढायच्या आत भाजी आणून ठेवावी आणि दुपारभर निवांत वाचावे, असे दिवस मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. स्वयंपाकाचे तेवढे जमेना. मूठभर तुरीची डाळ कुकरच्या तळाशी कुठल्या कुठे पसरते आणि एका माणसाचे वरण काही केल्या मनासारखे होत नाही. शेवटी मी सकाळी ज्वारीची आंबील आणि संध्याकाळी दोन पोळ्या नि झुणका यांवर आले. एकट्याने जेवताना पंधरा मिनिटांत ताट रिकामे होते आणि पुढची सगळी संध्याकाळ मोकळी पडते. ती कशी घालवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. मी गच्चीवर जाऊन बसत असे.

सहाव्या दिवशी गॅस संपला. दुसरे सिलिंडर रिकामेच होते. त्यासाठी नोंदणी केली आणि माणूस दारात सिलिंडर घेऊन आलाही, परंतु सिलिंडर देताना जो संकेतांक सांगावा लागतो, तो मुलाच्या मोबाइलवर गेला होता आणि मुलगा डोंगरात, फोन लागेना. त्या माणसाने दहा मिनिटे वाट पाहिली आणि तो सिलिंडर घेऊन परत गेला. त्याचा नियम त्याने पाळला, त्याला मी दोष देत नाही. पण जोडणीला लावलेला फोन घरी राहणाऱ्याकडे नसेल तर हे होणारच, आणि ते निघण्यापूर्वी सहज टाळता आले असते. दोन दिवस मी विजेच्या शेगडीवर भागवले.

खरी गोष्ट घडली ती नवव्या दिवशी. नागपूरकराला कूलर काय आहे ते सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आता पंचेचाळीसची बातमी आली तरी आपण वृत्तपत्राचे पान उलटतो. अशा दिवसांत कूलरशिवाय राहणे माझ्या वयाच्या माणसाला धोक्याचेच आहे, कारण वय वाढते तशी तहान कमी लागते आणि ऊन लागल्याचे लवकर कळत नाही. आमच्या खोलीच्या खिडकीला अंगणाच्या बाजूने जुना पत्र्याचा कूलर आहे. त्यात पाणी भरण्याचे काम इतकी वर्षे मुलगा करीत असे.

त्या संध्याकाळी सडा टाकून मी तोच पाइप कूलरच्या टाकीत सोडला. पाय ओले होते, चप्पल दारात काढलेली होती. वाळ्याची एक ताटी वाकडी झाली होती, ती सरळ करायला मी डावा हात पत्र्याला लावला, आणि कोणीतरी मनगट धरून पिळावे तशी कळ बोटांपासून थेट खांद्यापर्यंत गेली. हात आपोआप मागे आला. तो मागे आला, चिकटला नाही, म्हणून मी आज हे पत्र लिहीत आहे. मी पायरीवर बसले. पाइप तसाच वाहत होता, टाकी भरून पाणी अंगणात येत होते, आणि ज्या फरशीवर मी मघाशी उभी होते ती पूर्ण ओली झाली होती. कूलरचे बटण खोलीत होते. घराचा मेन स्विच कुठे आहे हे मला ठाऊक होते, पण त्या पेटीतील सात खटक्यांपैकी कूलरचा कोणता, हे ठाऊक नव्हते. मी ओले पाय पुसून, कोरडी रबरी चप्पल घालून आत गेले आणि सगळेच खटके खाली पाडले. ती रात्र मी गच्चीवर काढली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या इलेक्ट्रिशियनने पंप बाहेर काढला, तेव्हा पाण्यात बुडणाऱ्या वायरचे आवरण तडकलेले दिसले. प्लग तीन पिनांचा होता, पण खिडकीपर्यंत वीज आणण्यासाठी मध्ये जोडलेली लांब वायर दोनच तारांची होती. म्हणजे वरची जाड पिन, जी गळतीचा प्रवाह जमिनीत नेण्यासाठी असते, ती नुसती नावाला होती. घराच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा ठणठणीत पडला होता. माती वाळली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि चांगली अर्थिंगही कमजोर पडते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचे असते. ही गोष्ट मी स्वतः वर्गात शिकवलेली आहे.

मला वाटत होते की पेटीत खटके आहेत, म्हणजे धक्का बसला की ते आपोआप पडतील. अनेक सुशिक्षित घरांत हाच समज आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पेटीतील नेहमीचा खटका, म्हणजे एमसीबी, हा शॉर्टसर्किट झाल्यावर किंवा जास्त भार आल्यावर पडतो. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देतो, आणि माणसाचे हृदय बंद पडायला त्याचा शंभरावा भागही पुरेसा असतो. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात ईएलसीबी या जुन्या नावानेही ते मागतात. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला, की घरगुती आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. १०० वॅटचा जुना पिवळा दिवा जेवढा प्रवाह घेत असे, त्याचा हा साधारण चौदावा हिस्सा झाला. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून उपकरण चालू असल्याची खात्री करायची असते. माझ्या घरी ते बसवल्यावर मी बटण दाबले, तेव्हा पंखा, फ्रिज, कूलर सगळे एकदम थांबले आणि त्या शांततेत मला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा, कूलर जोडणीत आरसीसीबी असावा, असे आवाहन महावितरण दर उन्हाळ्यात करते. त्याच उन्हाळ्यात विदर्भात कोणीतरी कूलरचा शॉक लागून गेल्याची बातमीही येते, आणि पुष्कळदा ती पाणी भरणाऱ्या बाईची नाही तर शेजारी खेळणाऱ्या मुलाची असते. भरल्या घरात निदान ओरडल्यावर कोणी मेन स्विच बंद करायला धावते. कोणाला धक्का लागला तर त्याला हाताने न ओढता आधी वीज तोडावी आणि तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे, हे करायला दुसरे माणूस लागते. एकट्या माणसाच्या घरी ते दुसरे माणूस म्हणजे आरसीसीबी. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की ज्या घरात म्हातारे माणूस एकटे राहणार आहे, त्या घरात सहलीच्या खर्चातून आधी हे उपकरण बसवावे.

वरच्या मजल्यावर मुलाच्या खोलीचा कूलर पाण्यासकट तसाच राहिला होता. बाराव्या दिवशी झाकण उघडले तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि या उन्हात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, टाकी घासून काढावी लागते. जाताना न वापरायचे कूलर रिकामे करून, पुसून, उपडे ठेवून जावे.

दाराच्या कडीविषयी माझे आणि शेजारच्या वहिनींचे मतभेद झाले. एकटी बाई म्हणून रात्री वरची कडी घट्ट लावून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. न्हाणीघरात पाय घसरून मी पडले, तर आतून कडी लावलेल्या दाराबाहेर दहा माणसे उभी राहूनही काही करू शकणार नाहीत. चोराचे भय खरे आहे, घरफोड्या होतात, हे मी नाकारत नाही; पण माझ्या वयाला पडण्याचे भय त्याहून जवळचे आहे. मी बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच तेवढे लावते, एक किल्ली वहिनींकडे ठेवली, आणि सकाळी सातपर्यंत माझ्या खिडकीचा पडदा सरकलेला दिसला नाही तर त्यांनी विचारायलाही न थांबता दार उघडून आत यायचे, असे आम्ही ठरवले. एका सकाळी मला उशिरापर्यंत झोप लागली. सात वाजून पाच मिनिटांनी वहिनी पदराला हात पुसत माझ्या पलंगाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून मला ओशाळल्यासारखे झाले आणि धीरही आला.

गावाला जाताना मुले आईवडिलांना किल्ली देतात, पैसे देतात, ‘फोन करत जा’ असे सांगतात. त्याच्या आधी एक संध्याकाळ घरासाठी काढावी, एवढेच माझे मागणे आहे. पेटीतील प्रत्येक खटक्यावर कागद चिकटवावा. टाकीची मोटार पाणी उचलेनाशी झाली तर काय करायचे, इन्व्हर्टर कसा बंद करायचा, नळाची मुख्य चावी कुठे आहे, हे नुसते सांगू नये, घरी राहणाऱ्याच्या हातून एकदा करवून घ्यावे. मी शिक्षिका होते, ऐकलेले आणि केलेले यांत किती अंतर असते ते मला माहीत आहे. आणि माझ्या वयाच्या बायकांनीही ‘ते मुलगा बघतो’ असे म्हणून त्या पेटीपासून दूर राहू नये. आम्ही संसाराच्या चाळीस वर्षांत याहून कितीतरी अवघड गोष्टी शिकलो आहोत.

एकोणिसाव्या दिवशी सगळे परत आले. बॅगा अजून पडवीत होत्या, तेव्हाच मी मुलाला आणि मोठ्या नातवाला पेटीपाशी नेले, टी अक्षराचे बटण दोघांकडूनही दाबून घेतले, आणि मध्येच जोडलेली ती दोन तारांची वायर, जी मी फेकून न देता जपून ठेवली होती, ती मुलाच्या हातात दिली. तो बराच वेळ ती पाहत उभा राहिला. दिवाळीनंतर मला माझ्या बहिणीकडे अमरावतीला महिनाभर राहायला जायचे आहे. स्वयंपाकघरातील पुष्कळ गोष्टी या घरात फक्त मला ठाऊक आहेत, म्हणून मीही एक वही लिहायला घेतली आहे. पहिल्या पानावर सिलिंडरचा रेग्युलेटर कसा बंद करायचा ते लिहून झाले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नंदनवन, नागपूर