पाय मोडलेला र आणि दोन क्रेडिटचं ग्राफिक डिझाईन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या अ‍ॅडमिशनचा सीझन आहे, कॉलेज रोडला गेलं की दर दहा पावलांवर कुठल्या ना कुठल्या कोर्सचा फ्लेक्स, म्हणून म्हटलं आत्ताच लिहावं, नंतर कोण वाचतंय. मी रविवार कारंजाजवळचा छोटा छापखानेवाला. लग्नपत्रिका, बिलबुकं, अहवाल, दुकानाचे बोर्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. १९९३ ला ट्रेडल मशीनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो, मग कॉम्प्युटरवर पेजमेकर आलं, मग कोरल, आता पोरं मोबाईलवर डिझाईन करून व्हॉट्सअ‍ॅपला टाकतात आणि म्हणतात काका फक्त प्रिंट मारा.

माझी मुलगी गेल्या वर्षी एफवाय बीकॉमला होती. नव्या शैक्षणिक धोरणात कॉमर्सच्या पोरांनाही बाहेरचा एखादा विषय घ्यावा लागतो, तर तिनं दोन क्रेडिटचा ग्राफिक डिझाईन आणि व्हिज्युअल कम्युनिकेशनचा बेसिक कोर्स घेतला. मी खूश, म्हटलं चला घरातलं कोणीतरी हे काम नीट शिकतंय, मी तर सगळं मार खाऊन शिकलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मॅडम चांगल्या आहेत आणि मला कोणाला नावं ठेवायची नाहीत.

आधी चांगलं सांगतो. बिंदू, रेषा, आकार, रंगचक्र, कॉन्ट्रास्ट, ग्रिड, मोकळी जागा, हे सगळं त्यांनी हातानं करून घेतलं, आधी कागद मग कॉम्प्युटर. एक गोष्ट तर मीच मुलीकडून शिकलो, पोस्टर लांब धरून डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे बारीकसारीक पुसलं जातं आणि पहिलं काय दिसतं ते कळतं. मी दुकानातल्या चार फ्लेक्सवर करून बघितलं, चारही फेल. मॅडमनी हायरार्कीवर एक अख्खा तास घेतला, महत्त्वाचं मोठं, कमी महत्त्वाचं लहान, मुलगी घरी येऊन मला समजावायला लागली आणि मला हसू आवरेना, कारण हायरार्की आम्हा फ्लेक्सवाल्यांना कोण शिकवणार? वर गोलात मोठे साहेब, त्यांच्या खाली जिल्ह्याचे, मग उत्सवमूर्ती कमरेएवढी, मग खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेत एखाद्याचा फोटो अर्धा इंच लहान झाला तर रात्री अकराला फोन येतो. फक्त त्यात वाचणाऱ्याचा विचार कोणी करत नाही, एवढाच फरक.

आता गाडी कुठं अडली ते. शेवटचं असाइनमेंट पोस्टरचं, विषय गोदावरी. मुलीनं मोठ्या हौसेनं मराठीत करायचं ठरवलं, ओळ ठेवली 'निर्मळ गोदावरी', फोटोशॉपमध्ये टाईप केली आणि पडद्यावर काय आलं, तर नि मधली पहिली वेलांटी न च्या पुढे जाऊन बसलेली, रफार वर चढलाच नाही, खाली र तसाच पाय मोडून पडलेला. लॅबमध्ये कोणालाच कळेना. शेवटी तिला सांगितलं, वेळ नाहीये, इंग्लिशमध्ये कर. तिनं केलं. 'क्लीन गोदावरी', सुंदर केलं, मार्कही चांगले पडले. पण मला ते काही पचलं नाही.

कारण दुरुस्ती पाच मिनिटांची होती. प्रेफरन्सेसमध्ये टाईपच्या सेटिंगला जाऊन वर्ल्ड रेडी लेआउट निवडायचं, जुन्या व्हर्जनमध्ये तिथं मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं, आणि नवीन फाईल उघडून टाईप करायचं, झालं, वेलांटी गुपचूप जागेवर येते. ते सेटिंग माहीत नसलं तर गुन्हा नाही, मलाही एका गिऱ्हाईकानं दाखवलं होतं. पण अख्ख्या सेमिस्टरमध्ये कोणावर मराठी अक्षर टाईप करायची वेळच आली नाही, म्हणून ते कोणाला माहीत नव्हतं, हे मला खटकलं. शिकवायला सगळं रोमन, म्हणजे इंग्रजी लिपीचं. सेरिफ म्हणजे टोकाला छोटे पाय असलेलं अक्षर, सॅन्स सेरिफ म्हणजे बिनपायाचं, एक्स हाईट म्हणजे छोट्या एक्सची उंची, ऑल कॅप्स म्हणजे सगळी कॅपिटल अक्षरं. नाशिकच्या कॉलेजात, नाशिकच्या पोरांना.

अन् रोमनचे नियम देवनागरीला जसेच्या तसे लावले की वाट लागते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं शिरोरेघेला लटकतं. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे दुमजली नाही तिमजली घर, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. नव्या पोरांना अक्षरं लांब लांब पसरवायची फॅशन आवडते, इंग्लिशमध्ये ते भारी दिसतं, मराठीत केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात, दातात फटी पडल्यासारखं दिसतं. ऑल कॅप्स तर आपल्याकडे नाहीच, मग जोर कसा द्यायचा, जाडी, आकार, रंग, जागा, हे वेगळं शिकावं लागतं.

त्यात मराठीचं म्हणून आणखी वेगळं आहे. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा दांड्याचा. आपला श शेंडीफोड्या, त्यांचा गाठीचा. राज्य सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेचा जीआर काढून मराठी वळणाचा ल आणि श वापरा असं सांगितलंय, पण बऱ्याच फॉन्टमध्ये भाषा मराठी अशी निवडली नाही तर हिंदी वळणच येतं आणि दहापैकी नऊ जणांना फरक दिसतही नाही. आणि तो चंद्रकोरीसारखा अर्धा र! आचार्यांना आणि आचाऱ्यांना, एक गुरुजी, दुसरा भांडी घेऊन आलेला स्वयंपाकी. एका कार्यक्रमपत्रिकेत 'आचाऱ्यांना मानधन' च्या जागी 'आचार्यांना मानधन' माझ्याच हातून छापून गेलंय, गुरुजी दोन दिवस वाट बघत होते म्हणे.

मला माहितीये, लोक म्हणतील काका, नोकऱ्या पुण्याला नाहीतर बंगळुरूला, तिथं मराठी कोण विचारतो. बरोबर आहे, इंग्लिश शिकूच नका असं मी कुठं म्हणतोय. पण इथल्या कामाकडे बघा ना. २०२२ ला दुकानांच्या कायद्यात बदल झाला, पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, पुढे मुंबईच्या दुकानदारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा इथलेही दुकानदार धावत आमच्याकडे आले. काय काय केलं आम्ही तेव्हा! इंग्लिश लोगोशेजारी जागा उरेल तेवढ्यात मराठी अक्षरं रबरासारखी ताणून बसवली, उभी रेघ बारीक, आडवी जाड, मापात एकदम बरोबर आणि दिसायला भयंकर. कायदा माप सांगतो, वळण नाही सांगू शकत. तिथं शिकलेलं माणूस लागतं.

दुसरं काम शेतीचं. माझे मेहुणे निफाडला, द्राक्षबाग. फवारणीच्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर चौकोन तिरका उभा केलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे खरं व्हिज्युअल कम्युनिकेशन, अक्षर न वाचता कळलं पाहिजे म्हणून केलेलं. पण मेहुणे कित्येक वर्षं हिरवा म्हणजे बिनधास्त, असंच धरून चालले होते, तो पण विषारीच असतो फक्त कमी, हे त्यांना माहितीपत्रकात वाचून कळणार होतं आणि माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी, एका घडीच्या कागदात किती भाषा कोंबलेल्या. मुलीच्या वहीत लिहिलंय लाल म्हणजे प्रेम आणि ऊर्जा, हिरवा म्हणजे निसर्ग आणि शांती. मी तिला मेहुण्यांच्या शेडमधली बाटली दाखवली, म्हटलं याच्यावर निबंध लिही.

आणि सिंहस्थ तर तोंडावर आलाय. २०१५ च्या कुंभात मी दिशादर्शक बोर्डांचं थोडं काम घेतलं होतं, तेव्हाची माझी चूक सांगतो. बोर्ड दोन्ही बाजूंनी छापायचा होता, 'रामकुंड' आणि शेजारी उजवीकडे बाण. आम्ही एकच फाईल दोन्ही बाजूंना मारली. बोर्ड खांबाला लागला आणि मग कळलं की मागून येणाऱ्या माणसाला तोच बाण रामकुंडाच्या बरोबर उलट्या दिशेला पाठवतोय! रातोरात दुसरा चिकटवला. वर टोक केलेल्या बाणाचंही तसंच, आपण म्हणतो सरळ जा, खेड्यातून आलेली आजी म्हणते वरच्या मजल्यावर. आता देशभरातून लोक येणार, कोणाला मराठी येत नाही, कोणाला वाचताच येत नाही, त्यांना पाणी कुठं, संडास कुठं, हरवलेली माणसं कुठं भेटतील हे चित्रातून कळायला हवं. पोरांना पिझ्झाच्या काल्पनिक दुकानाचा लोगो करायला देण्यापेक्षा सीबीएस बसस्थानक ते रामकुंड चालवा, आणि कुठं बोर्ड हवा, कुठल्या उंचीवर, हे त्यांनाच ठरवू द्या की.

नाशिकला तर उदाहरणं शोधायला बाहेरही जायला नको. पांडवलेणीत तीन नंबरच्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा, तिथं आजच्यासारखी शिरोरेघ नाही, आणि पोरं त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढून येतात. खाली पायथ्याला फाळके स्मारक. दादासाहेब फाळके १८७० ला त्र्यंबकला जन्मले, १८८५ ला मुंबईच्या जेजे कला शाळेत गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात, आणि सिनेमाच्या आधी फोटोग्राफी, राजा रविवर्म्याच्या प्रेसचं लिथोग्राफीचं, म्हणजे दगडावरून चित्रं छापायचं काम, स्वतःचा छापखाना, म्हणजे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' आधीचा हा माणूस आमच्याच जातकुळीतला हो, शाईनं हात काळे झालेला. आमच्याकडे त्यांना फक्त सिनेमावाले म्हणून हार घालतात.

नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून. आत कोणी सोडणार नाही, पण खिशातली नोट तर काढता येते. भिंगाखाली धरा, किती बारीक रेघा एकमेकींतून जातात बघा. मागच्या पॅनेलवर १५ भाषा, त्यात मराठी आहे, नेपाळी, कोकणी, संस्कृतही देवनागरीतच, आणि २०१६ नंतरच्या नोटांवर देवनागरी आकडासुद्धा. रुपयाचं चिन्ह २०१० चं, उदय कुमारांनी आयआयटी मुंबईत असताना केलेलं, त्यात र आहे, रोमन आर आहे आणि वर शिरोरेघ आहे. एका नोटेवर दोन तास जातील. विंडोजमधला मंगल फॉन्ट सगळ्यांनी वापरलाय, तो आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी केला, हे मुलीच्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं (मलाही उशिराच कळलं म्हणा). आता तर मुक्ता, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, आमच्या वेळी एक फॉन्ट घ्यायचा तर मालक महिनाभर विचार करायचे.

दोन क्रेडिट म्हणजे थिअरी धरली तर ३० तास. त्यातले सहा तास देवनागरीला द्या एवढंच मागणं आहे माझं. पहिले दोन तास बोरू द्या हातात, तिरका कापलेला, कारण आपल्या अक्षराची जाड बारीक रेघ बोरूच्या त्या तिरक्या टोकातून आलीये, एकदा हातानं काढलं की कॉम्प्युटरवर अक्षर ताणायला हात धजावत नाही. मग एक दिवस जुन्या पेंटरकडे न्या, शहरात अजून दोनचार आहेत जे पट्टी न लावता शिरोरेघ मारतात. एआयचं पोस्टरही दाखवा हवं तर, लांबून मराठी वाटतं आणि जवळ जाऊन वाचायला गेलं की एक अक्षर लागत नाही, असले दोन तर गेल्या महिन्यात माझ्याकडे प्रिंटला आले, गिऱ्हाईकानं वाचलंसुद्धा नव्हतं. आणि परीक्षेत एक तरी काम मराठीत कम्पल्सरी ठेवा.

माझ्या गोडाऊनमध्ये शिशाच्या खिळ्यांच्या दोन केस, म्हणजे खणांच्या पेट्या, अजून पडून आहेत, भंगारवाला तीनदा येऊन गेला, दिल्या नाहीत. कुठल्या कॉलेजला वर्गात न्यायच्या असतील तर खुशाल न्या, पैसे नको, रिक्षाचं भाडं तेवढं तुमचं. फक्त मोजून परत आणा, ळ चे खिळे आधीच कमी आहेत.

आपला,
एक छापखानेवाला,
रविवार कारंजा, नाशिक