केमोआधी मेंदूबद्दलही सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. केस गळणे, मळमळ, रक्तपेशी कमी होणे सगळे आले, पण डोक्याचे काय होते ते आले नाही.

पाचव्या केमोनंतर मला ‘कात्री’ हा शब्दच आठवेना. वस्तू डोळ्यांपुढे लख्ख दिसत होती. शेवटी मुलीला दोन बोटांची उघडझाप करून दाखवली. सहा आकडी ओटीपी मोबाइलवरून संगणकात टाकताना तीन आकडे टाकेस्तोवर पुढचे तीन डोक्यातून गेलेले असत. घरचे म्हणत, ताण आहे, होईल नीट. मला मात्र वेड लागत चालल्याची भीती वाटे, आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

या त्रासाला ‘केमो ब्रेन’ म्हणतात, हे फार उशिरा कळले. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या ५८१ आणि तो नसलेल्या ३६४ स्त्रिया होत्या. केमो संपेपर्यंत स्मरण-विचारात ठळक घसरण झाल्याचे रुग्णांपैकी ४५ टक्के जणींनी सांगितले. दुसऱ्या गटात जेमतेम १० टक्के. सहा महिन्यांनंतरही तीन रुग्णांमागे एकीहून अधिक जणींना हा त्रास होताच. डॉक्सोरुबिसिनसारखे केमोचे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, पण त्याने शरीरात उठणारा दाह मेंदूपर्यंत पोहोचतो, असे संशोधक मानतात. सगळा दोष केमोचाच असतो असेही नाही. अकाली रजोनिवृत्ती, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, रक्ताल्पता, तुटक झोप यांचाही हात असतो. काहींची स्मरणशक्ती तर उपचारांआधीच मंदावलेली आढळते.

हे वाचून कुणी केमो टाळू नये, ही हात जोडून विनंती. त्या औषधांमुळेच मी आज हे पत्र लिहिते आहे. बहुतेकींना हळूहळू बरे वाटू लागते. नियमित चालण्याचा-व्यायामाचा फायदा होतो, मेंदूच्या पुनर्वसनाचे प्रशिक्षणही असते.

मागणी एवढीच : संमतीपत्रावर सही घेताना याबद्दलही दोन वाक्ये सांगा. केमो सुरू होण्यापूर्वी स्मरणशक्तीची छोटी चाचणी करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि हे सांगताना घरचे एक माणूस शेजारी बसवा. माझ्या मुलीने त्या दिवशी कात्री आणून दिली, पण ती रात्रभर रडत होती.

— एक वाचक